शाळेत रोज किती मिनिटं सांडतात? प्राथमिक शाळेच्या सोयी तपासण्याची आणि सुधारण्याची पद्धत

शाळेतल्या सोयींची सरकारी नोंद, म्हणजे डायसची आणि पुढे यू-डायसची माहिती, मी वर्षानुवर्षं भरली. स्वच्छतागृह आहे का? आहे. पिण्याचं पाणी? आहे. वीज? आहे. ग्रंथालय? आहे. एका वर्षी असे सगळे रकाने भरून मी वर्गात गेलो, तर दुसरीतली एक मुलगी पाय आवळून बसली होती. स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. कुलूप लावायला कारण होतं: रात्री बाहेरची माणसं येऊन घाण करून जायची. पण परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत त्या पोरीचा जीव तिथेच अडकला होता, आणि हातच्याची वजाबाकी मी तिला नेमकी त्याच तासाला शिकवत होतो. चाचणीत तिला वजाबाकी आली नाही. प्रगतीपुस्तकात मी 'गणितात सराव आवश्यक' असं लिहिलं.

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत, त्यातही बहुतेक द्विशिक्षकी शाळांत, नोकरीची सारी वर्षं काढल्यावर मी एकाच मताला आलो आहे. सोय 'आहे की नाही' एवढ्यावरून मुलाच्या अभ्यासाचं काही कळत नाही. त्या सोयीमुळे मुलाच्या वाट्याला रोज शिकण्याची किती मिनिटं येतात आणि तिच्या अभावी किती सांडतात, हे मोजलं की कळतं.

हिशेब साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय. पाण्यासाठी ताटकळणं, गळणारं छत, न दिसणारा फळा, जेवणाची रांग यांत रोज अर्धा तास गेला, तर २०० दिवसांत १०० तास गेले. म्हणजे वर्षाचा आठवा हिस्सा. पहिली ते चौथी असं चार वर्षं चाललं तर मुलाचं अर्धं वर्ष बुडालं, आणि हजेरीपटावर एकही खाडा नाही!

हा लेख शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि जागरूक पालक यांच्यासाठी आहे. पैसे नसतानाही यातलं निम्मं काम होतं.

अभ्यास काय सांगतात

सोयी वाढवल्या की गुण आपोआप वाढतात असं नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर रंगरंगोटी होते आणि मुलं होती तिथेच राहतात. भारतातल्या शाळांत स्वच्छतागृहं बांधल्याचा काय परिणाम झाला, हे अंजली अदुकिया या अभ्यासक बाईंनी तपासलं. पटसंख्या वाढली. लहान मुलामुलींना कोणत्याही स्वच्छतागृहाचा फायदा झाला, वयात येणाऱ्या मुलींना मात्र मुलींसाठी वेगळं असेल तरच. पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. कर्नाटकात प्राथमिक शाळांसाठी चालवलेल्या ग्रंथालय उपक्रमाची सोळा महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा भाषेच्या चाचणीत फरक आढळला नाही.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाच्या गटाने २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलं अभ्यासली. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला सुमारे १६ टक्के वर्गखोलीच्या रचनेशी जोडलेला होता, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा, तापमान अशा साध्या गोष्टींचा. तर आपल्या मुंबईत, तसंच बडोद्यात, 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळं बसवून शिकवलं गेलं. जागा मिळेल तिथे, प्रसंगी व्हरांड्यात आणि मैदानात. तरी मुलं पुढे सरकली.

मी यातून असा अर्थ काढतो: स्वच्छतागृह मुलाला शाळेत आणतं आणि टिकवतं. वर्गखोली त्याचं लक्ष राखते. शिकवतो तो शिक्षकच. या तिन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून कोणती सोय कशासाठी हवी हे ठरवूनच पैसा लावावा.

पायरी १: एक अख्खा दिवस मागच्या बस्करपट्टीवर

तपासणी कार्यालयातून होत नाही. समितीतल्या दोघांनी, त्यांत एक आई असावीच, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत मुलांत बसायचं. खुर्ची घ्यायची नाही. पट्टीवर, शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीला डोळे येतील असं बसायचं. हातात वही आणि घड्याळ. गुरुजी कसं शिकवतात यावर एक अक्षरही लिहायचं नाही. हे गुरुजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते दिवसभर अवघडून जातील. लिहायचं एवढंच: मुलांचं शिकणं कधी थांबलं, किती वेळ थांबलं, कशामुळे.

आमच्या शाळेतल्या अशा एका वहीतल्या नोंदी मला अजून आठवतात. 'पाण्याची टाकी रिकामी, चौथीची दोन मुलं हंडा घेऊन गेली, १४ मिनिटं.' 'खिडकीतून ऊन आलं, सहा मुलं सरकली, ढकलाढकली, ५ मिनिटं.' 'शेजारच्या वर्गाचे पाढे, इकडचं वाचन ऐकू येईना, १० मिनिटं.' 'खिचडीची रांग, ताटं धुवायला एकच नळ, २५ मिनिटं.' 'पावसाची सर, पत्र्याचा आवाज, बाईंनी पुस्तकं मिटायला सांगितली, २० मिनिटं.' लिहिणारी बाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली होती. तिच्या त्या दोन पानांनी मला जे दाखवलं, ते तपासणीच्या कोणत्याच अहवालात आलं नव्हतं.

असे तीन दिवस घ्या: एक उन्हाळ्याच्या तोंडाशी, एक भर पावसात, एक थंडीत. तिन्ही वह्यांतली मिनिटं कारणवार मांडा. सगळ्यांत मोठा आकडा ज्या कारणाचा, ते काम पहिलं. आमच्याकडे सगळे 'खोली हवी, खोली हवी' म्हणत होते. वहीत सगळ्यांत मोठा आकडा निघाला एकुलत्या एका नळाचा.

पायरी २: आधी जीव, मग अभ्यास

एक गोष्ट मात्र मिनिटांच्या हिशेबात बसवायची नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत कोसळून मुलं दगावली. २५ जुलै २०२५ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेची इमारत पडून सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या.

शाळा सुरू व्हायच्या आधी आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर लगेच, अशा दोन वेळा इमारत फिरून बघा. स्लॅबचा गिलावा सुटून गंजलेल्या सळया दिसतात का, तुळईखाली नवी भेग गेली आहे का, भिंत फुगली आहे का, कालपर्यंत नीट लागणारं दार आज अडकतं का. यातलं काही दिसलं तर मुलं त्याच दिवशी हलवायची. मंदिरात, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, कुठेही. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत मोडीत काढण्याचा, आदेश येईपर्यंत थांबायचं नाही. गटशिक्षणाधिकारी आणि पंचायत समितीचा बांधकाम विभाग, दोघांना फोटोसह पत्र द्या आणि पोच म्हणून आवक क्रमांक घ्या. स्वयंपाकाचा गॅस, विजेच्या उघड्या तारा, उघडी विहीर आणि रस्त्याकडचं फाटक हेही याच फेरीत बघून घ्या.

पायरी ३: वर्गखोली

*फळा.* माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत कायम घोटाळा करायचा. 'भाकर'चं 'माकर', 'घर'चं 'धर'. मी त्याला अक्षरओळखीच्या गटात टाकलं होतं. एका दुपारी सहज त्याच्या जागी जाऊन बसलो, तर शेजारच्या खिडकीचा उजेड फळ्यावर असा पडत होता की डाव्या अर्ध्या भागात नुसती पांढरी चकाकी. 'भ'ची गाठ दिसायलाच मार्ग नव्हता. त्याला पुढे घेतलं, खिडकीला पोत्याचा पडदा लावला. पुढच्या आठवड्यापासून तो घोटाळा बराच कमी झाला. त्याआधीचे सहा महिने त्याला मी परत देऊ शकलो नाही.

म्हणून फळ्याची चाचणी अशी करा. फळ्यावर भ, म, घ, ध, थ, य, ष, प ही अक्षरं नेहमीच्या आकारात लिहा आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, मुलांकडून वाचून घ्या. सहा मीटरवरून सहज वाचायला अक्षर अडीच-तीन सेंटिमीटर उंच लागतं. त्याहून बारीक लिहिलं तर मागची पट्टी अंदाजाने उतरवते. फळा चकाकत असेल तर बाजूची खिडकी अर्धी झाका किंवा फळ्याची भिंत बदला. दर मे महिन्यात फळ्याला नवा काळा रंग द्या. लहान डब्यात काम होतं. पहिली-दुसरीचा फळा मुलाचा हात पोचेल इतका खाली हवा. खोलीभर भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांचा पट्टा काळा करून प्रत्येक मुलाला त्याचा तुकडा दिला, तर पाटी फुटली तरी लिहिणं थांबत नाही.

यानंतरही एखाद्याला दिसत नसेल तर प्रश्न त्याच्या डोळ्यांचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आठवणीने पुढे करा आणि चष्मा हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

*उजेड आणि भिंती.* उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांना उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. जमिनीवर बसणाऱ्या मुलाची वही खाली असते. तिथे उजेड पोचतो का ते उभ्याने कळत नाही, बसून बघावं लागतं. भिंतीच्या वरच्या भागाला आणि छताला पांढरा चुना दिला तर खोली लगेच उजळते.

भिंतींवरच्या चित्रांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी मांडतो. आयएसओ मानांकन आणि डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा आपण कोपरान् कोपरा ऑइलपेंटने भरून टाकला. गावाने वर्गणी दिली, शाळा सुंदर दिसू लागली, त्यामागचं प्रेम खरं होतं. पण अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला, तेव्हा भिंती गच्च भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि ती कमी शिकली. फळ्याची भिंत मोकळी ठेवा. जे रंगवाल ते मुलाने हात लावून वापरावं असं असू दे: दारामागे कोन, पायऱ्यांवर संख्यारेषा, खिडकीच्या गजांवर मणी. इमारतच शैक्षणिक साहित्य समजण्याचा 'बाला' उपक्रम मुळात याचसाठी होता. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधली, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातली, फरशीवरची रेखाटनं राज्यभरातल्या शाळांनी घेतली, पण ज्या शाळांत मुलं त्या फरशीवर बसून खेळत-शिकत राहिली, तिथेच त्या रंगाचे पैसे वसूल झाले.

*ऊन.* मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत दोन वाजता मूल शिकत नाही, ते फक्त बसतं. एक साधा तापमापक आणून भिंतीला लावा आणि महिनाभर रोज दोनदा नोंद करा. कागदावर आकडा असला की मागणीला वजन येतं. पैसा लागणारे उपाय: स्लॅबवर चुन्याचा जाड हात, पत्र्यावर उष्णता परतवणारा पांढरा रंग, आतून छताखाली आच्छादन, पश्चिमेला कडुनिंब. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, पावसाळ्यात धुऊन जातो. बिनपैशाचे उपाय: समोरासमोरच्या खिडक्या दोन्ही उघड्या ठेवणं (एक बाजू कपाटाने अडवलेली असते, बघाच), वाचन आणि गणित सकाळी घेणं, दुपारी मुलांना झाडाखाली किंवा उत्तरेच्या व्हरांड्यात नेणं. वेळापत्रक बदलायला मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

*आवाज.* कोकणात आणि घाटमाथ्यावर पत्र्यावरचा पाऊस दिवसदिवस शिकवू देत नाही. तिथे छताखालचं आच्छादन ही चैन नव्हे. तोवर पावसाच्या तासांसाठी लेखनाची, चित्रांची, मणी-काड्यांची कामं आधीच काढून ठेवा, म्हणजे सर आली तरी पुस्तक मिटायला लागत नाही.

पायरी ४: पाणी, स्वच्छतागृह, जेवण

पाणी आणि स्वच्छतागृह एकत्रच तपासा, कारण मुली ते एकत्रच सोसतात. स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसलं की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत; दुपारी डोकं दुखतं म्हणून आडव्या होतात. केरळने २०१९मध्ये पाणी पिण्याची घंटा सुरू केली. फार सोपी गोष्ट आहे, उद्यापासून करता येते, पण स्वच्छतागृह आधी उघडं हवं.

स्वच्छतागृहात स्वतः आत जाऊन कडी लावून बघा. कडी पहिलीतल्या मुलीच्या हाताला येते का? लावल्यावर आत उजेड राहतो का? पाणी आत आहे की बाहेरून बादली न्यावी लागते? पाय ठेवायची जागा लहान पायाला पुरते का? चौथी-पाचवीत काही मुलींना पाळी येते. झाकणाचा डबा, आतली खुंटी आणि एका विश्वासू बाईंकडे पॅडचा पुडा एवढं तरी असू दे. चाळीस मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या हे स्वच्छ विद्यालय मोहिमेतलं प्रमाण लक्षात ठेवा आणि मधल्या सुट्टीची लांबी त्यावर तपासा.

किल्लीचा प्रश्न आम्ही असा सोडवला: कुलूप फक्त रात्री. सकाळी पहिला येणारा शिक्षक ते काढणार आणि शाळा सुटल्यावर शेवटचा जाणारा लावणार. खणात किल्ली नाही, परवानगी मागणं नाही. रात्रीची घाण थांबवायला ग्रामसभेत विषय घ्यावा लागला, दोन कटू बैठका झाल्या, पण थांबली.

साफसफाई मुलांकडून करून घ्यायची नाही. ग्रामपंचायतीचा सफाई कर्मचारी आठवड्यातून ठरलेल्या वारी येईल असा ठराव घ्या. आणि वहीत हेही लिहा: हंडा आणायला कोणत्या मुलांना पाठवलं जातं, झाडू कुणाच्या हाती दिला जातो, पाणी वाढायला कुणाला पुढे करतात. तीच तीच आडनावं येत असतील तर ती मुलं वर्गातली मिनिटंच नाही, मानही गमावत आहेत. हे त्याच दिवशी थांबलं पाहिजे.

जेवणाचं थोडक्यात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. पहाटे आईवडील शेतावर किंवा उसाच्या फडावर गेलेली मुलं रिकाम्या पोटी येतात. त्यांना जेवणाआधीच्या तासांत काही उमजत नाही, हे कोणताही गुरुजी सांगेल. जेवणाची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते का ते बघा. हात धुवायला एक नळ असेल तर तोट्या लावलेला लांब पाइप भिंतीला बसवा, एका वेळी दहा-बारा मुलं हात धुतील. आमचा रोजचा पंचवीस मिनिटांचा खोळंबा त्या पाइपाने आठ-दहा मिनिटांवर आणला. स्वयंपाकाचा धूर वर्गात येत असेल तर तेही वहीत टिपा.

पायरी ५: एका खोलीत दोन वर्ग

साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोन शिक्षक. म्हणजे चार वर्ग आणि बहुधा दोनच खोल्या. १९८७च्या खडू-फळा मोहिमेपासून 'दोन शिक्षक, दोन खोल्या' हे गणित चालत आलंय, आणि खेड्यातल्या हजारो शाळा अजून त्यावरच आहेत. तिसरी खोली मिळेपर्यंत एवढं करता येतं: समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे घ्या आणि दोन्ही वर्ग पाठीला पाठ लावून बसवा. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला हाताने करायचं काम द्या, तोंडाने म्हणायचं नको. आणि दिवसातला एक तास इयत्ता विसरून, ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करून, पसरून बसवा. या तासाला व्हरांडा लागतो. व्हरांड्याला सावली, कोरडी फरशी आणि चार चटया असतील तर शाळेला एक खोली फुकट मिळाली. समितीसमोर भिंतीवरचा मोठा टीव्ही की व्हरांड्याचं पत्र्याचं शेड असा प्रश्न आला, तर मी डोळे मिटून शेड म्हणेन.

पायरी ६: कपाटं उघडा

एका शनिवारी शाळेतली सगळी कपाटं उघडून साहित्य व्हरांड्यात मांडा. गोष्टींची पुस्तकं, गणितपेटी, नकाशे, गेल्या वर्षीची कार्डं. पुस्तक फाटलं तर हिशेब द्यावा लागेल या धास्तीने कितीतरी शाळांत चांगली पुस्तकं कोरी राहतात. फाटलेल्या पुस्तकांची नोंद करून ती वापरातून काढायला समितीने एक ठराव करून ठेवावा, म्हणजे गुरुजींची धास्ती जाते. मग पुस्तकं सुतळीवर टांगा, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. पण कर्नाटकातला अनुभव विसरू नका: नुसती टांगून वाचन येत नाही. रोज वीस मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं वेळापत्रकात हवं.

पायरी ७: पैसा आणि ठराव

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं: ३०पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी ठेवायचा असतो. रक्कम तुकड्यांत आणि उशिरा येते, म्हणून खर्चाची यादी प्राधान्याने आधीच ठरवून ठेवा. मोठ्या कामांना दोन वाटा आहेत. पाणी आणि स्वच्छता यांना ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतला बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेला, हिस्सा. खोली, छत, कुंपण यांना जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती.

ग्रामपंचायतीच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. फेब्रुवारीत मागायला गेलं की वर्ष गेलं. शाळा विकास आराखडा करणं हे कायद्याने समितीचंच काम आहे, आणि समितीत तीन-चतुर्थांश पालक, एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. त्या महिलांना बैठकीत बोलू द्या. स्वच्छतागृहाची कडी त्यांनाच आधी दिसते.

ठराव असा लिहू नका: 'शाळेस आवश्यक त्या भौतिक सुविधा पुरविण्यात याव्यात.' असा ठराव फायलीत मरतो. असा लिहा: 'हात धुण्यासाठी एकच नळ असल्याने दररोज ६२ मुलांचे प्रत्येकी २५ मिनिटे अध्यापन बुडते (तीन दिवसांच्या नोंदी सोबत). स्वयंपाकगृहाच्या पूर्व भिंतीस दहा तोट्यांची पाइपलाइन, ५०० लिटरची टाकी व सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. अंदाजपत्रक सोबत. काम १५ जूनपूर्वी पूर्ण व्हावे.' जागा, माप, रक्कम, तारीख आणि बुडणारी मिनिटं. माझ्या अनुभवात असा ठराव मागे सारणं सरपंचांनाही जड जातं.

विजेचं बिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळा मी पाहिल्यात, आणि त्यांत लोकवर्गणीतून आलेले संगणक धूळ खात पडलेले. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू स्वीकारण्याआधी दरमहा बिल कोण भरणार, हे लेखी घ्या.

खर्चाबद्दल एक बारकावा आंध्र प्रदेशातल्या अभ्यासातून शिकण्यासारखा आहे. तिथे शाळांना अनुदान दिलं, तेव्हा पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी वाढले नाहीत, कारण शाळा वह्या-साहित्य देणार हे कळल्यावर पालकांनी घरचा तेवढा खर्च कमी केला. तेव्हा शाळेचा पैसा पालक घरून विकत आणू शकत नाहीत अशा गोष्टींवर लावा: सावली, नळ, फळा, उजेड, व्हरांडा.

पायरी ८: फरक पडला का, ते बघा

जुलैत, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचं वाचन घ्या. पाच पातळ्या पुरतात: अक्षरही नाही, अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. त्याच कागदावर तीन गोष्टी शेजारी लिहा: मूल कुठे बसतं, त्या काळातली हजेरी, दुपारी घरी निघून जातं का. मागच्या पट्टीवरची मुलं एका पातळीवर साचलेली दिसली तर आधी फळा तपासा. पाळीपाळीने जागा बदलणं दर सोमवारी ठेवा. मुली दुपारनंतर घटत असतील तर पुन्हा कडी लावून बघा.

एका वेळी एकच मोठा बदल करा आणि तारीख टाका. तोट्या, रंग, शेड सगळं एकाच महिन्यात केलं तर कशाने काय झालं हे कळणार नाही. मूल पुढे गेलं त्यात शिक्षकाचा, आईचा, त्याच्या वाढत्या वयाचाही वाटा असतो, म्हणून दोन-चार मुलांवरून निकाल लावू नका. सगळा वर्ग बघा, दोन सत्रं बघा.

पुढच्या बैठकीत इतिवृत्ताआधी ती मिनिटांची वही मोठ्याने वाचा. लिहिणाऱ्या आईनेच वाचावी. आणि उठण्याआधी, मागच्या पट्टीवर पुढच्या वेळी कोण दोघं बसणार, त्यांची नावं आणि वार लिहून घ्या.